सुट्टीत शाळा नको, काम द्या

मार्च संपत आला की बालवाडीच्या दारात पालकांचा एकच प्रश्न असतो, "ताई, आता दोन महिने याला घरी गुंतवायचं कशात?" कुणाच्या हातात सुलेखनाची वही असते, कुणी उन्हाळी शिबिराचं पत्रक पुढे करतं, कुणाला पहिलीची पुस्तकं आत्ताच हवी असतात. बालवाडी शिकवण्यात माझी हयात गेली आणि आता घरात नातवंडं त्याच वयाची आहेत. त्यामुळे मुलं शाळेत कशी असतात आणि घरी कशी, हे दोन्ही जवळून पाहिलं आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे : तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत दुसरी शाळा नको असते. त्याला घरातलं खरं काम हवं असतं, हाताळायला खऱ्या वस्तू हव्या असतात आणि हातातलं काम पुरं होईपर्यंत घाई न करणारं माणूस हवं असतं. पुढचे बोल सांगलीकडच्या उन्हाळ्यातले आहेत. आपापल्या गावाप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

१. वर्षाची फाईल माळ्यावर टाकू नका

वर्षाच्या शेवटी बालवाडीतून एक जाडजूड फाईल घरी येते. भेंडीचे ठसे, कापूस चिकटवलेला ससा, अर्धवट रंगवलेलं फुलपाखरू, पानभर रेघोट्या. घरचे ती पाच मिनिटांत चाळतात, 'छान' म्हणतात आणि फाईल माळ्यावर जाते. खरं तर सुट्टीचा पहिला आठवडा या फाईलवर सहज निघतो. रोज दोन-तीन चित्रं बाहेर काढा, मुलाशेजारी जमिनीवर बसा आणि 'हे काय काढलंस?' असं विचारण्यापेक्षा 'याची गोष्ट सांग' म्हणा.

एका मुलीच्या कागदावर नुसता नारिंगी गिचमिडा होता. आईला वाटलं, आग असेल. मुलगी म्हणाली, "आजोबांचा स्वेटर आहे. आजोबा आत झोपलेत." असं वाक्य मुलाच्याच शब्दांत कागदामागे लिहून ठेवायचं, खाली तारीख घालायची आणि त्याला ते वाचून दाखवायचं. आपण बोललो ते कागदावर उतरतं आणि कागदावरून पुन्हा तसंच ऐकू येतं, हे मुलाला इथे उमगतं. वाचन-लेखनाची सुरुवात ही. मुळाक्षरं त्यानंतरची.

मग खिडकीशी दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगायचं काम त्यालाच द्या. चिमटा उघडायला बोटांत जोर लागतो. पहिले दोन दिवस चित्रं खाली पडतील. पडू द्यात.

२. दिवसाला वळण लावा, तास पाडू नका

शाळा संपली की मुलाच्या दिवसाची घडी विस्कटते आणि ते किरकिर करू लागतं. म्हणून काही पालक भिंतीवर वेळापत्रक लावतात : नऊ ते दहा चित्रकला, दहा ते अकरा इंग्रजी. हे चार दिवस टिकतं. त्यापेक्षा दिवसाचं ढोबळ वळण ठरवा. सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर, अकरा ते चार घरात, संध्याकाळी पुन्हा बाहेर. दुपारी जेवण, गोष्ट आणि झोप, याच क्रमाने. मुलाला घड्याळ कळत नाही, पण 'याच्यानंतर ते' हे चांगलं कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, दहा ते तेरा तास झोपावं आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये, असं त्यात सांगितलं आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात मैदानावर तीन तास कोण काढणार? पण जिन्याची चढउतार, सकाळची लंगडी, गादीवरच्या कोलांट्या, छोट्या बादलीतून झाडापर्यंत नेलेलं पाणी, सगळं धरलं तर तीन तास भरतात.

'शाळा कधी?' या प्रश्नाला 'जूनमध्ये' हे उत्तर देऊन उपयोग नाही. घरातलं कॅलेंडर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत एक छोटी खूण काढायची : आज आंबा खाल्ला, आज मामा आला, आज दात दुखला. चौकटी भरत जातात तसा काळ पुढे सरकताना त्याला दिसतो.

३. स्वयंपाकघरात पाट मांडून जागा द्या

'तू मध्ये मध्ये येऊ नकोस' हे वाक्य उन्हाळ्यात जितकं ऐकू येतं तितकं एरवी येत नाही. मूल मध्ये येतं कारण घरातली सगळ्यात जिवंत जागा तीच असते. गॅसपासून लांब, भिंतीकडे पाट मांडा आणि ती जागा त्याची म्हणून ठरवून टाका. उकडलेले बटाटे निवाल्यावर सोलणं, मेथीची पानं खुडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, लिंबू पिळणं, छोट्या रवीने ताक घुसळणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं ही सगळी चार-पाच वर्षांच्या मुलाला जमणारी कामं आहेत. एक सावधगिरी मात्र पाळा : इतक्या लहान मुलाला अख्खे दाणे तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

मटकीचा उद्योग तर प्रत्येक घरी व्हावा. सकाळी मूठभर मटकी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची. मूल दर तासाला पुरचुंडी सोडून बघेल. बघू द्या, फक्त पुन्हा बांधण्याचं कामही त्याचंच. मोड आले की तीन वाट्या ओळीने ठेवा : एकीत कोरडी मटकी, एकीत भिजलेली, एकीत मोडाची. मूल तिन्हींतला एकेक दाणा दाताखाली धरून बघतं. कोरडा कटकन वाजतो, भिजलेला मऊ लागतो, मोडाचा गोडसर लागतो. "हा दाणा जाडा का झाला?" असं एकदा विचारा आणि गप्प बसा. उत्तर चुकीचं आलं तरी चालेल. "त्यानं पाणी प्यायलं" इथवर ते आपणहून पोचतं.

कुरडया-पापड घालायचे असतील तर सोनं. गव्हाचा चीक खाणं, लाट्या पळवणं हा मुलांचा हक्क आहेच, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात छत्री घेऊन कावळे हाकलायची जबाबदारी सोपवून पाहा. ती जबाबदारी खरी असते, कारण लक्ष नसलं तर कावळा खरोखर पापड पळवतो. मुलाला हे खरेपण ताबडतोब कळतं. पाच वर्षांचं पोर इतकं सावध बसतं की बघत राहावं.

४. गणित ताटांत आहे

"आमच्याला शंभरपर्यंत येतात," असं अभिमानाने सांगणारे पालक पुष्कळ भेटतात. त्याच मुलाला 'सात चमचे आण' म्हटलं की ते मूठभर घेऊन येतं. पाठ म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजणं म्हणजे एका वस्तूला एकच आकडा देणं आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या वस्तू हे ओळखणं. याचा सराव रोज जेवायच्या वेळी होतो. माणसं पाच, म्हणून ताटं पाच, वाट्या पाच, पेले पाच. "आज आत्या जेवायला आहे" म्हटलं की बेरीज झाली. "बाबा उशिरा येणार" म्हटलं की वजाबाकी.

चिंच फोडायची वेळ असेल तर चिंचोके धुऊन वाळवून ठेवा. दहा-दहाच्या ढिगल्या, लहान-मोठे वेगळे, जमिनीवर खडूने काढलेल्या गोलाच्या रेघेवर मांडणं, मुठीत किती ते ओळखणं, असे खेळ त्यातून निघत राहतात. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं आणि रुमालाच्या घड्या घालणं यातही गणितच आहे. रुमाल तिरका दुमडला की त्रिकोण, सरळ दुमडला की आयत, हे पुस्तकात बघण्याआधी हाताला कळलेलं असतं.

५. पेन्सिलीआधी बोटं

मोठा शिशू संपला की पालकांची सगळी नजर अक्षरावर. वळण नाही, ओळीत येत नाही, पेन्सिल धरता येत नाही. यात मुलाचा दोष काही नाही. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसून कूर्चा असते आणि पुढच्या कित्येक वर्षांत ती एकेक करून पक्की होतात. पाच वर्षांच्या मुलाचं मनगट अजून घडतंय. त्याच्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली की हात दुखतो आणि वहीचा राग येतो तो कायमचा.

हात तयार करायचा तर मराठी घरात साधनांची कमी नाही. चिमटीत रांगोळी धरून ठिपका सोडणं यासारखा व्यायाम कुठल्याही महागड्या खेळण्यात नाही. जास्त सोडली की ढीग होतो, कमी सोडली की ठिपकाच दिसत नाही. बोटं आपोआप अंदाज शिकतात. शिवाय सहाणेवर गंध उगाळणं, कणकेचे साप-लाडू-चिमण्या करणं, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कात्रीने कापणं, सुतळीत मणी ओवणं, ओला कपडा पिळणं. कात्री बोथट टोकाची घ्या. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी, चिंचोके आणि वाटाणे काम झालं की मोजून डब्यात. नाकात किंवा कानात गेलेला मणी घरी काढायचा प्रयत्न करू नये, डॉक्टरांकडेच जावं.

६. साहित्य विकत आणू नका

'शैक्षणिक' असा शिक्का मारलेल्या खेळण्यांवर सुट्टीत बराच पैसा जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेलं. माँटेसोरी पद्धत त्यांना पटलेली होती, पण तिची साधनं गरीब वस्तीला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काटक्या यांतून साधनं उभी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली आणि अंगणवाडीची कल्पना रुजवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा चालवली. त्यांना जे डोंगरावर जमलं ते आपल्याला दोन खोल्यांत जमायला हरकत नसावी.

पाणी घ्या. संध्याकाळी गच्चीवर एका डब्यात पाणी आणि भिंत रंगवायचा जुना रुंद ब्रश द्या. मूल तापलेल्या फरशीवर भला मोठा हत्ती काढतं. सोंड काढून होईपर्यंत शेपूट वाळलेली असते. ते धावत जाऊन शेपूट पुन्हा काढतं, तोवर पाय गेलेले असतात. "पाणी कुठं गेलं?" असं ते विचारतंच. यात कागद लागत नाही, रंग लागत नाही, पुसापुशी लागत नाही आणि हात खांद्यापासून फिरतो. फक्त बादलीभर पाणी असलं तरी आणि गच्ची असली तरी मोठं माणूस तिथे हवंच.

७. गोष्ट सांगा, आणि सांगू द्या

दुपारची वेळ गोष्टीची. तीच चिऊ-काऊची गोष्ट मूल दहा वेळा मागतं, याचा कंटाळा करू नका. दहाव्या वेळी ते पुढचं वाक्य आपल्याआधी म्हणतं, आणि आपण मुद्दाम काही बदललं तर पकडतं. त्यानंतर गोष्ट त्याच्याकडून ऐकायची. पुस्तकं आणायची झाली तर थोडी आणि चांगली आणा. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' किंवा 'चित्रवाचन' हातात दिलं तर अक्षर न येणारं मूलही चित्रं वाचत बसतं.

आजी-आजोबांकडे राहायला गेलेल्या मुलाला तिथली बोली बोलू द्या. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जे असेल ते. 'शुद्ध बोल' म्हणून टोकलं की मूल बोलायचं थांबतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला लिहायला शिकवणं फार अवघड. प्रवासात आवाजांचे खेळ खेळा : 'क' ऐकू येणाऱ्या वस्तू शोध, तुझ्या नावासारखं सुरू होणारं नाव सांग. अक्षर ओळखण्याआधी कानाला आवाज सुटा ऐकू यावा लागतो.

८. मुद्दाम हरू नका

सापशिडी, पत्त्यांच्या जोड्या लावणं, काचापाणी हे खेळ दुपारी निघतात. पण पोर रडेल म्हणून मोठी माणसं हरत राहतात. मग पहिलीच्या वर्गात तेच मूल पहिल्या हारीला पट उधळून देतं. घरी, मायेच्या माणसांत, चार वेळा हरलेलं बरं. रडलं तर पाठीवर हात ठेवा, डाव मात्र बदलू नका. आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे या वयातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते फक्त खेळातूनच येतं.

भातुकलीत मात्र मोठ्यांनी नियम घालू नयेत. तिथे बोलावलं तर खोटा चहा प्यायचा आणि निघून यायचं. मुलगा स्वयंपाक करत असेल आणि मुलगी ऑफिसला निघाली असेल तर हसू नका.

९. कंटाळा येऊ द्या

"कंटाळा आला" ऐकलं की घरातलं कुणीतरी लगेच मोबाईल पुढे करतं. थोडा वेळ काहीच करू नका. पंधरा-वीस मिनिटं किरकिर होईल. मग मूल पलंगाखाली शिरेल, चादरीचा तंबू करेल, खोक्यात बसून एसटी चालवेल, कंडक्टर होऊन तुम्हाला तिकीट देईल. हा खेळ त्याने स्वतः शोधलेला असतो, म्हणून तासभर चालतो. आपण सुचवलेला दहा मिनिटांत संपतो. एक मोठं खोकं, दोन जुन्या साड्या आणि काही उशा एवढं हाताशी ठेवलं की पुरे.

मोबाईलबद्दल एवढंच सांगते की जेवताना आणि झोपताना नको. आणि हा नियम मोठ्यांनाही.

१०. वेळ नसेल तर एकच गोष्ट करा

हे सगळं वाचून नोकरी करणारी आई म्हणेल, ताई, मी सातला घरी येते. बरोबर आहे. तिने यातलं एकच निवडावं, पण रोज करावं. ताटं मांडणं किंवा झोपताना गोष्ट. सुट्टीभर रोज ताटं मांडणारं मूल आणि चार शिबिरं फिरलेलं मूल यांत मी पहिल्याच्या बाजूने आहे. बाबांनीही यातलं काहीतरी आपल्याकडे घ्यावं. हे आईचंच खातं आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

गल्लीत याच वयाची चार मुलं असतील तर आयांनी एकत्र यावं, एकेक दिवस वाटून घ्यावा. महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात एप्रिलमध्ये शाळेत मेळावा होतो, जूनमध्ये पुन्हा होतो आणि मधल्या काळात आयांचे गट मुलांकडून घरच्या वस्तूंनीच छोट्या कृती करून घेतात. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत चौकशी करा. आपलं मूल दुसऱ्या शाळेत जाणार असलं तरी कल्पना उचलायला कुणी अडवत नाही.

११. पहिल्या दिवशी रडतं कोण?

जूनमध्ये पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी कोण रडतं ते मी अनेक वर्षं पाहिलं आहे. अक्षरं न येणारं मूल रडत नाही, त्याला ते माहीतच नसतं. रडतं ते मूल ज्याला डब्याचं झाकण उघडत नाही, ज्याला लघवीला जायचंय पण सांगता येत नाही, चड्डीचं बटण निघत नाही, चपलेचा डावा-उजवा कळत नाही आणि पाण्याची बाटली बंद न झाल्याने ज्याचं दप्तर भिजलं आहे. म्हणून मे महिन्यात शाळेचाच डबा आणि शाळेचीच बाटली घरी वापरायला काढा. दुपारी एकदा जमिनीवर बसून डब्यातलं जेवू द्या. उघडणं, खाणं, सांडलेलं पुसणं, झाकण लावणं, सगळं त्याचं त्याने. सुरुवातीला अर्धा तास लागेल. मदतीला हात पुढे जाईल तेव्हा तो मागे घ्या.

स्वतःचं नाव, आई-बाबांचं नाव, गल्लीचं नाव आणि एक फोन नंबर तोंडी यावा. 'मला येत नाही, मदत करा' हे वाक्यही यावं. एवढी तयारी झाली की मूल पहिलीला तयार आहे, खुशाल समजा.

पालकांना एकच विनंती. जूनमध्ये आमच्याकडे असं मूल पाठवा ज्याने सुट्टीत शेंगा फोडल्या आहेत, कावळे हाकलले आहेत, डावात हरून पाहिलं आहे आणि ज्याला आपला डबा उघडता येतो. अक्षरं शिकवणं हे शिक्षकांचं काम आहे. ते आमच्यावर सोडा.